सहमत होण्याआधी

उच्च न्यायालयात माणसाचं वय जन्मतारखेवरून मोजत नाहीत, शपथेच्या तारखेवरून मोजतात. केस पांढरे झालेले असोत, गुडघे कुरकुरत असोत, घरात नातवंडं रांगत असोत. ज्याची शपथ काल झाली तो धाकटा आणि ज्याची परवा झाली तो थोरला. दोघांची एकाच सकाळी झाली, तर ज्याचं नाव आधी पुकारलं तो निवृत्तीपर्यंत दुसऱ्याच्या एक पाऊल पुढे.

या हिशेबाने बाई त्या न्यायालयात सगळ्यांत धाकट्या होत्या. वयाने म्हणाल तर साठीकडे झुकलेल्या. जन्म खालच्या कोर्टांत गेला होता. गावोगावच्या बदल्या, गळकी छपरं, पंखा बंद पडला की वर्तमानपत्राची घडी करून वारा घेत लिहिलेली निकालपत्रं. शेवटची काही वर्षं त्या जिल्हा न्यायाधीश होत्या. तिथे त्या आल्या की अख्खा व्हरांडा उठून उभा राहायचा. आणि इथे, न्यायमूर्ती झाल्यावर, समारंभाला रांग लागली की त्यांनी न सांगता सगळ्यांत शेवटी जाऊन उभं राहायचं. दालन मिळालं तेही शेवटचं, जिन्याच्या वळणावरचं. लिफ्टची मोटर सुरू झाली की टेबलावरचा चष्मा थरथरायचा. चहाच्या वेळी लांब टेबलाच्या टोकाला खुर्ची. किटली तिथवर येईतो चहा कोमट आणि विषय संपलेला.

शिपायांनी आणि स्टेनोंनी त्यांचं नाव पाडलं होतं, ‘धाकट्या बाई’. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्यांना हसूच आलं. घरीही त्या धाकट्याच होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून थोरल्या जाऊबाई त्यांना ‘धाकटे’ अशीच हाक मारत आणि अजूनही त्यात फरक नव्हता.

“म्हणजे घरी धाकटी, कोर्टातही धाकटी,” त्यांचे यजमान म्हणाले. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि सुटीचा आनंद घेत होते. “तुझं काही मोठं होणं नशिबात नाही बघ.”

“तुम्ही निवृत्त होऊन सुद्धा कुठे मोठे झालात?” बाई म्हणाल्या.

बाईंना बसवलं ते दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठावर, फौजदारी अपिलं ऐकायला. कोणी कोणाबरोबर बसायचं आणि कोणतं काम बघायचं हे मुख्य न्यायमूर्ती ठरवत. बाईंचे ज्येष्ठ सहकारी त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होते, पण वकिलीतून थेट न्यायमूर्ती झाल्यामुळे शपथेने कितीतरी थोरले. ते पुढेमागे मुख्य न्यायमूर्ती होणार हे सगळे धरून चालले होते. माणूस हुशार, तोंडाने गोड, आणि कामाला असा उरक की वकिलांच्या खोलीत त्यांच्या कोर्टाला ‘एक्सप्रेस’ म्हणत. आधीच्या साहेबांच्या काळात धूळ खात पडलेली अपिलं त्यांनी दोन वर्षांत हातावेगळी केली होती. पाहुण्यांसमोर मुख्य न्यायमूर्ती या एक्सप्रेसचा दाखला देत.

काम कसं चालायचं ते बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. ज्येष्ठ आधी आत शिरत, बाई त्यांच्या मागून. ज्येष्ठ उजवीकडच्या खुर्चीत, बाई डावीकडे. वकील बोलत ते ज्येष्ठांकडे बघून. प्रश्न विचारत ज्येष्ठ. दोन्ही बाजूंचं ऐकून झालं, की साहेब खुर्चीत किंचित वळून बाईंकडे बघत आणि हळूच म्हणत, “ठीक आहे ना?” बाईंची मान हलेपर्यंत त्यांनी स्टेनोकडे वळून निकाल सांगायला सुरुवातही केलेली असे. मग टाईप केलेला निकाल सहीला येई. आधी त्यांची सही, खाली बाईंची. दोघांचा निकाल.

त्यात वाईट काही नव्हतं, असं बाई स्वतःला सांगत. दहांतले नऊ निकाल त्यांनीही तसेच दिले असते. साहेब उद्धट नव्हते, उलट दारात बाईंसाठी थांबत, तब्येतीची चौकशी करत. पण तीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक निकाल स्वतःच्या डोक्याने दिला होता, तिला आता संध्याकाळी घरी जाताना वाटे, आज आपण काय केलं? मान हलवली. एकदा त्यांनी एका अपिलात चिठ्ठी लिहून पुढे सरकवली होती: ‘हा मुद्दा विचारू या का?’ साहेबांनी ती वाचली, हसून मान डोलावली आणि म्हणाले, “नंतर बोलू.” नंतर म्हणजे निकाल सांगून झाल्यावर.

ते अपील बोर्डावर आलं तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. शिवणकाम करणारा एक कारागीर, तिशीतला. एका दुकानदाराचा संध्याकाळच्या वेळी गल्लीत भोसकून खून झाला होता आणि खालच्या कोर्टाने या कारागिराला जन्मठेप दिली होती. तो कित्येक वर्षं तुरुंगात होता. त्याच्यातर्फे सरकारने दिलेली वकील उभी राहिली, नवखी मुलगी, आवाज बारीक. मागच्या बाकावर कारागिराचा बाप बसला होता, मांडीवर टोपी धरून. तारखेला यायचं एवढंच त्याला ठाऊक होतं.

पुरावा म्हणजे मुख्यतः एक साक्षीदार: मेलेल्या दुकानदाराचा भाऊ. त्याने मारेकऱ्याला पळताना पाहिलं होतं आणि नंतर ओळखपरेडीत, एकसारख्या दिसणाऱ्या माणसांच्या ओळीतून, याच कारागिराकडे बोट दाखवलं होतं. 

“सख्ख्या भावाचा मारेकरी पळताना पाहिलेला माणूस खोटं कशाला बोलेल?” साहेबांनी मुलीला विचारलं.

“खोटं नाही साहेब, पण... चूक...”

“चूक खालच्या कोर्टाला दिसली नाही.”

“साहेब, उलटतपासणीत तो म्हणाला आहे की...”

“आम्ही वाचलं आहे.”

बाईंनी खरोखरच वाचलं होतं, आदल्या दिवशी, पहाटे उठून, जशा त्या तीस वर्षं वाचत आल्या होत्या. उलटतपासणीत त्या भावाने सरळ सांगून टाकलं होतं, की परेडीच्या आधी पोलिसांनी त्याला चौकीत बोलावून खिडकीतून हा माणूस दाखवला होता. ‘हाच ना?’ असं विचारलंही होतं. त्याने ते लपवलं नव्हतं. त्यात काही गैर आहे हे त्याला माहीतच नसावं. खालच्या कोर्टाने ते वाक्य एका ओळीत बाजूला सारलं होतं.

साहेब बाईंकडे वळले. “ठीक आहे ना?” आणि तोंड स्टेनोकडे.

“अपील फेटाळण्यात येत आहे,” त्यांनी सांगायला सुरुवात केली. “साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह असून...”

बाईंनी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आपण दयेपोटी बोलतो आहोत असं त्यांना स्वतःलाच वाटलं असतं. त्यांनी समोरचा कागद बघितला आणि तोंडातून शब्द गेले.

“सर, थांबा. मी सहमत नाही.”

त्यांना हळू बोलायचं होतं. पण समोरचा माईक चालू होता.

स्टेनोची बोटं थबकली. सरकारी वकिलांनी चष्म्यावरून वर पाहिलं. त्या कोर्टात जुन्या वकिलांनीही असं कधी ऐकलं नव्हतं. न्यायमूर्तींचं पटलं नाही तर ते आतल्या आत, दालनात, आणि बहुतेक वेळा धाकट्याने मिटतं घ्यायचं. साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण माणूस मुरलेला. त्यांनी एक घोट पाणी घेतलं आणि म्हणाले, “निकाल राखून ठेवला आहे. पुढचं प्रकरण.”

दिवसभर दोघं शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

अशा बातम्यांना पाय नसतात, पंख असतात. चहाच्या वेळेपर्यंत ती सगळ्या दालनांत पोहोचली होती. बाई टेबलाच्या टोकाला जाऊन बसल्या आणि बोलणी एकदम हवेवर आली. उकडतंय फार. हो ना, फार. उठताना एक ज्येष्ठ न्यायमूर्ती त्यांच्याजवळ थांबले, मायेनेच.

“नव्या आहात म्हणून सांगतो. इथे घाई करू नये. आपली वेळ येते.”

“माझी येणार नाही सर,” बाई म्हणाल्या. “मला वरच्या खुर्चीत जायला जेवढी वर्षं लागतील, त्याच्या आधी मी निवृत्त होईन.”

खरंच होतं ते. खालून आलेल्यांचं असंच होई. शिडीला हात लागेपर्यंत उतरायची वेळ.

बाईंच्या स्टेनोने दालनात दबक्या आवाजात दुसरी बातमी आणली. कामाची नवी वाटणी होणार आहे, आणि बाईंना बहुतेक एकटीला करांच्या प्रकरणांवर बसवतील. “तिथे शांतता असते मॅडम,” तो सांत्वन करत म्हणाला.

घरी आल्यावर बाई थेट स्वयंपाकघरात गेल्या. जाऊबाई टेबलाशी भाजी निवडत बसल्या होत्या. थोरले दीर गेल्यापासून त्या यांच्याकडेच राहत होत्या. बाईंनी समोर बसून देठं मोडायला घेतली आणि सगळं सांगितलं.

“आता मला करांकडे टाकतील वहिनी. आणि ते बोलणार नाहीत माझ्याशी. बरोबरच आहे म्हणा, चारचौघांत मी त्यांचा शब्द तोडला.”

“मग चुकलं म्हणायचं का तुझं?”

“बोलण्याची रीत चुकली. बोलणं नाही चुकलं.”

जाऊबाई म्हणाल्या, “तुला आठवतं, या घरात मी सांगेन ती पूर्व दिशा होती. मुलांना कुठल्या शाळेत घालायचं, घर कधी रंगवायचं, कोणाकडे कधी जायचं. मी बोलायचे आणि तुम्ही सगळे माना डोलवायचात.”

“तुम्ही थोरल्या होतात.”

“हो ना. आणि मला वाटायचं सगळ्यांना पटतंय. तुमच्या मनात काय होतं, ते मला कित्येक वर्षं कळलंच नाही गं धाकटे. तुझ्या मुलीला त्या लांबच्या शाळेत मीच घातली. पोर रोज बसमध्ये ओकायची. तू एका शब्दाने बोलली नाहीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. दोन दिवस. पोरीने दोन वर्षं ओकाऱ्या काढल्या.” त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. “थोरल्याला कुणी खरं सांगत नाही, हे थोरल्याचं सुख नव्हे. तो साहेब काही वाईट माणूस आहे का?”

“नाही. मुळीच नाही.”

“मग त्याच्याकडे जा. रुसून बसू नकोस. तू वयाने मोठी आहेस ना त्याच्याहून? मग हे मोठेपण तिथे वापर.”

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुरू व्हायच्या बऱ्याच आधी बाई साहेबांच्या दालनात गेल्या. प्रशस्त खोली, दोन बाजूंना खिडक्या, भिंतभर पुस्तकं. साहेब उठून उभे राहिले, कारण सभ्यता सुटत नाही, पण चेहऱ्याची घडी तशीच.

“सर, काल मी तुम्हाला सगळ्यांसमोर थांबवलं. ते मी आधी इथे येऊन बोलायला हवं होतं. त्याबद्दल मी माफी मागते.”

“आणि मताबद्दल?”

“मताबद्दल नाही.”

साहेब खुर्चीत टेकले. “मॅडम, तुम्ही तुमचा निकाल लिहा, मी माझा लिहितो. मतभेद झाला तर प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे जाईल. कायद्यात सोय आहे. मला राग त्याचा नाही.” ते पुढे झुकले. “खरं सांगू? आहे राग. इतकी वर्षं बसतोय मी, माझ्या शेजारी चार जण बसून गेले. कोणालाच कधी काही खटकलं नाही?”

“खटकलं असेल. तुम्ही विचारलंत का?”

“रोज विचारतो. ठीक आहे ना, म्हणून.”

“सर, ‘ठीक आहे ना’ हा प्रश्न नाही. तो दार लावल्याचा आवाज आहे.”

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. पण साहेब चिडले नाहीत. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि अनपेक्षितपणे ते म्हणाले, “तुम्हाला आठवत नसेल, मी एकदा तुमच्यासमोर उभा राहिलो होतो.”

“माझ्यासमोर?”

“जिल्ह्यात. मी नुकताच वकील झालो होतो. एका गिरणीवाल्याची मनाई हुकमाची मागणी होती. दावा अगदी पोकळ होता, मला ठाऊक होतं. तरी मी जेवणाच्या सुटीपर्यंत बोलत राहिलो आणि तुम्ही ऐकत राहिलात. मध्ये मध्ये प्रश्न विचारलेत. आणि मग फेटाळलंत.” ते पहिल्यांदा हसले. “माझा अशील मला म्हणाला, हरलो, पण बाईने ऐकून घेतलं बुवा. मी वरच्या कोर्टात गेलोच नाही.”

“मला खरंच आठवत नाही.”

“हरणाऱ्याला आठवतं.”

बाईंनी संधी घेतली. “मग आज माझं तेवढं ऐका. माझा निकाल वाचू नका. फक्त त्या भावाची उलटतपासणी तुम्ही स्वतः, मोठ्याने वाचा. मी मध्ये बोलणार नाही.”

साहेबांनी कागद ओढले आणि वाचायला लागले, आधी वकिलाच्या सवयीने भरभर. मग खिडकीच्या वाक्याशी आले आणि गती कमी झाली. ‘पोलिसांनी मला खिडकीतून दाखवलं. विचारलं हाच ना. मी म्हणालो, असेल. मग परेडीत मी त्याला ओळखलं.’ ते वाक्य त्यांनी परत वाचलं.

“‘असेल’ म्हणाला तो,” साहेब म्हणाले.

साहेबांनी पुढचं पान उलटलं.

“सुरी सापडली होती ना?”

“सापडली होती. कारागिराच्या कामाच्या जागेपासून दूर, नाल्याकाठी. त्याच्याशी तिचा संबंध कुणी जोडून दाखवलेला नाही.”

“मला अजून पटलेलं नाही,” साहेब म्हणाले. त्यांनी कागद आपल्याकडेच ठेवले. “पण मी हे परत वाचतो.”

बाई उठल्या. एवढंही पुष्कळ होतं.

पुढच्या आठवड्यात ते अपील पुन्हा बोर्डावर आलं. ‘स्पष्टीकरणासाठी’ एवढंच शेजारी लिहिलं होतं. कोर्टात त्या दिवशी जरा जास्तच गर्दी होती. ज्यांचं काही काम नव्हतं असे वकीलही भिंतीला टेकून उभे. म्हातारा बाप मागच्या बाकावर होता. बाईंना काहीच माहीत नव्हतं. आठवडाभर साहेब त्या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. बाईंनी आपला वेगळा निकाल लिहून तयार ठेवला होता आणि करांचं एक पुस्तकही ग्रंथालयातून मागवलं होतं, असलेलं बरं म्हणून.

साहेब सरकारी वकिलांकडे वळले. “आम्हाला एकच सांगा. ओळखपरेड बाजूला ठेवली, तर या माणसाविरुद्ध काय उरतं?”

सरकारी वकील अनुभवी गृहस्थ होते. त्यांनी कागद चाळले, मग कागद मिटले. “साहेब, सुरी आहे.”

“ती त्याचीच, असं कोण म्हणतं?”

“तसं... कुणी म्हणत नाही.”

“मग?”

सरकारी वकिलांनी एकदा त्या नवख्या मुलीकडे बघितलं. “मग फारसं काही उरत नाही, साहेब. मी न्यायालयाची दिशाभूल करणार नाही.”

मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. साहेबांनी हात वर केला, पण या वेळी तिला गप्प करायला नव्हे. “बोला. तुम्ही त्या दिवशी उलटतपासणीचं काही सांगत होतात. मी तुम्हाला पूर्ण करू दिलं नाही.”

मुलगी बोलली. सुरुवातीला आवाज बारीकच होता, मग हळूहळू भरला. कुणीही मध्ये तोडलं नाही. तिचं झालं तेव्हा साहेब खुर्चीत पूर्ण वळले आणि बाईंना म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं?”

माईक याही वेळी चालूच होता आणि साहेबांना ते माहीत होतं.

बाईंनी सांगितलं. साहेबांनी ऐकलं, मान हलवली आणि स्टेनोकडे हात केला. “निकाल मॅडम सांगतील.”

बाईंनी निकाल सांगितला, लिहिलेला कागद न बघता, साध्या भाषेत, कारण मागच्या बाकावर बसलेल्यालाही तो कळला पाहिजे अशी त्यांची जुनी सवय होती. आधीच दाखवून ठेवलेल्या माणसाला ओळखणं म्हणजे ओळख नव्हे. संशयाचा फायदा आरोपीला. अपील मंजूर. आरोपीला सोडून द्यावं. शेवटी साहेब स्वतः दोन वाक्यं बोलले, निकालात घ्या म्हणाले: मागच्या तारखेला मी वेगळं मत सांगायला सुरुवात केली होती, माझ्या सहकारी न्यायमूर्तींनी मला थांबवलं आणि ते योग्य होतं.

भिंतीला टेकलेल्या वकिलांपैकी एकाच्या हातून पेन पडलं.

म्हाताऱ्याला कायद्याची भाषा कळली नव्हती. त्याने आपल्या मुलीएवढ्या वकिलाला भीतभीत विचारलं, “दोघांचं एकच म्हणणं आहे ना? नाहीतर परत फिरवतील.”

“एकच आहे, काका. फिरवणार नाहीत. घरी न्यायला या त्याला.”

म्हाताऱ्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि ती धरून दोन्ही न्यायमूर्तींना हात जोडले. मग त्याला रडू आवरेना, तेव्हा पट्टेवाल्यानेच त्याला बाहेर नेऊन पाणी दिलं.

त्यानंतर एक्सप्रेसचा वेग कमी झाला. कोर्ट सुरू व्हायच्या आधी साहेब आणि बाई अर्धा तास एकत्र बसायला लागले. नियम साहेबांनीच घालून दिला: आधी बाईंनी बोलायचं. “मी आधी बोललो की तुम्ही माझ्या बोलण्याभोवती बोलता,” ते म्हणाले. “मला तुमचं स्वतःचं हवं.” बाईंना सुरुवातीला ते जड गेलं. मान हलवायची सवय काही महिन्यांत लागली होती, सोडायला वेळ लागला. वकिलांच्या खोलीत म्हणू लागले, एक्सप्रेसची पॅसेंजर झाली, प्रत्येक स्टेशनात थांबते. पण ज्यांचे अशील तुरुंगात होते ते वकील हे तक्रार म्हणून सांगत नसत.

महिन्याच्या बैठकीत मुख्य न्यायमूर्तींनी विषय काढला. निकाली प्रकरणांचा आकडा घसरला होता. सगळ्या माना ज्येष्ठतेच्या क्रमाने गंभीर झाल्या.

“घसरला आहे,” साहेब म्हणाले. “कारण आता आम्ही दोघं बसतो. आधी मी एकटाच बसत होतो, दोन खुर्च्यांवर.”

हसावं की रागवावं हे मुख्य न्यायमूर्तींचं ठरत नसावं. मग त्यांनी टेबलाच्या पार टोकाकडे बघितलं. “तुमचं काय म्हणणं आहे?” त्या बैठकीत त्या टोकाला कोणी काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“साहेब, थोडा उशीर होईल,” बाई म्हणाल्या. “पण वरच्या कोर्टातून उलटून येणारे निकालही कमी होतील. वर्षभर बघा. नाही पटलं तर मला करांकडे पाठवा. मी पुस्तक आणून ठेवलंय.”

आता मात्र मुख्य न्यायमूर्ती हसले, आणि मग सगळेच. वाटणी बदलली नाही. त्या वर्षी आणखी दोन खंडपीठांनी कोर्टाआधी बसायला सुरुवात केली. एका ज्येष्ठांनी मात्र ठणकावून सांगितलं की धाकट्यांनी आधी बोलायचं हे थेर आपल्याकडे चालणार नाहीत. त्यांच्याकडे ते चाललेही नाहीत. पावलं टाकायची रांग तीच राहिली, खुर्च्या त्याच राहिल्या.

पुढे हिवाळ्यात एका जाळपोळीच्या प्रकरणात बाई आणि साहेब यांचं खरोखरच पटलं नाही. सकाळी अर्ध्या तासाचा एक तास झाला, चहा दोनदा आला. बाईंचं म्हणणं, आरोपीला सोडावं. साहेबांचं म्हणणं, पुरावा पुरेसा आहे. शेवटी दोघांनी आपापला निकाल लिहिला, एकमेकांना वाचायला दिला, एकमेकांच्या व्याकरणाच्या चुका काढल्या, आणि प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. त्यांनी सावकाश सगळं ऐकलं आणि कौल साहेबांच्या बाजूने दिला.

निकालाची प्रत बाईंनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्यात त्यांचा एकही मुद्दा गाळलेला नव्हता. प्रत्येकाला उत्तर होतं, आणि दोन ठिकाणी तर उत्तर असं चोख होतं की बाईंनी स्वतःशी मान डोलावली.

संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, “काय झालं गं त्या आगीच्या प्रकरणाचं?”

“हरले.”

“मग एवढी खुशीत का?”

बाईंनी चप्पल काढून पाय खुर्चीवर घेतले. “वहिनी, तिघांनी डोकं लावलं त्या माणसासाठी. तिघांनी. आणि अजून त्याला वरचं कोर्ट आहे. उद्या सकाळी मी साहेबांना सांगणार आहे, तिथे तुमचं उलटणार म्हणून.”

“आणि ते काय म्हणतील?”

“म्हणतील, लावा पैज.”

“मग लाव,” जाऊबाई म्हणाल्या. “पण आधी हातपाय धू. जेवायला बसू या.”